नखाला कळता कामा न्हाई

आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत सगळ्या क्वार्टरांना दारं होती, एक सोडून. ती पुंजा मिस्त्रीची. दार चोरीला गेलं नव्हतं की वाळवीने खाल्लं नव्हतं. राहायला आला त्याच दिवशी मिस्त्रीने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार उचलून मागच्या पडवीत नेलं आणि विटांच्या चार खांबांवर आडवं टाकलं. त्याला काम करायला टेबल हवं होतं. कॉलनीचा सुपरवायझर वही घेऊन जाब विचारायला गेला. मिस्त्री म्हणाला, "आमी शिंगनापूरचे. आमच्याकडं घराला दार नसतंय. तुमी कशाला लावून ठिवलं?" सुपरवायझर नेवाशाकडचाच. त्याच्या खिशात शनीचा फोटो असायचा. शनीच्या गावच्या माणसाशी दारावरून कोण भांडणार? त्याने वही मिटली आणि चहा पिऊन गेला.

मी त्या कारखान्यात स्टोअरकीपर. बोल्ट, वायसर, ग्रीस आणि पुसायच्या चिंध्या एवढं माझं राज्य, आणि माझा सगळा जीव कुलपांत. कमरेला सतरा किल्ल्यांचा जुडगा लावून मी हिंडायचो. शेजारी हा बिनदाराचा. आमचं जमायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण मला लोकांना नावं ठेवायला आवडतं आणि मिस्त्रीला माझ्यापेक्षा जास्त आवडायचं. संध्याकाळी त्याच्या पडवीत बसून आम्ही दोघं अख्ख्या कारखान्याला नावं ठेवायचो. दोस्ती टिकायला एवढं पुष्कळ होतं.

मिस्त्री अंगाने काटकुळा. खाकी हाफपँट, वर सदरा, डोक्याला तेलाने काळी पडलेली टोपी. टोपी मूळची पांढरी होती असं गयावहिनी, म्हणजे त्याची बायको, शपथेवर सांगायची. गालात तंबाखू. वर्कशॉपात तो मिलिंग मशीनवर होता. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार एका जागी असतं. मिलिंगवर उलटं, कटर फिरतं आणि जॉब त्याच्याखालून हळूहळू सरकतो. तो सरकवायचा हाताने, टेबलाच्या टोकाचं हँडल फिरवून. हात जितका एकसारखा, तितका जॉब सपाट. हँडल कुठे घाईने फिरलं, कुठे अडखळलं, तर लोखंडावर लाट उठते आणि ती कायमची राहते.

जॉब झाला की मिस्त्री चिंधीने पुसायचा, डोळे मिटायचा आणि अंगठ्याचं नख त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. मायक्रोमीटर वगैरे नंतर. "नखाला कळता कामा न्हाई," हा त्याचा कायदा. दुसऱ्या कोणाचा जॉब हातात आला की तोच नखाचा प्रकार करायचा आणि विचारायचा, "ह्ये काय, ज्वारी पेरायचीय का यात?" नवीन आलेल्या डिप्लोमावाल्या पोरांना तो ज्वारीच्या भावात काढायचा. आमच्या चीफ इंजिनिअर साहेबांनी एकदा हौसेने स्वतः एक पट्टी काढली. मिस्त्रीने नख फिरवलं आणि भर वर्कशॉपात सांगितलं, साहेब, पाभर चांगली चालवलीत. चीफ पुण्याचे. पाभर म्हणजे पेरणीचं औत हे त्यांना दोन दिवसांनी कोणीतरी सांगितलं. तोपर्यंत ते खूश होते.

त्याच्या हत्यारांच्या पेटीला कुलूप नव्हतं हे सांगायला नकोच. एका नव्या फिटरने त्यातलं मोजमापाचं व्हर्निअर उचललं. मी म्हटलं, मिस्त्री, रिपोर्ट करू. तो म्हणाला, कशाला, येतंय की परत. शिंगणापूरची वस्तू चोरली की चोराचे डोळे जातात म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्या फिटरचे डोळे आले. लालबुंद. दोन्ही डोळ्यांतून पाणी गाळत तो आला, व्हर्निअर पेटीत ठेवलं आणि मिस्त्रीच्या पाया पडला. आता खरं सांगायचं, तर त्या आठवड्यात निम्म्या कॉलनीचे डोळे आले होते. माझे आले होते, चीफसाहेबांचे आले होते, कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचेसुद्धा आले होते. त्यांनी काय काय चोरलं होतं ते शनिमहाराजांना ठाऊक. पण त्या दिवसापासून पेटीला कोणी हात लावला नाही. मी मात्र आठ दिवस स्टोअरचा स्टॉक पुन्हा पुन्हा मोजत होतो, कारण माझे डोळे का आले हे मला कळत नव्हतं.

तर, त्या पडवीतल्या दारावर मिस्त्रीने स्वतःचं मिलिंग मशीन उभं केलं होतं. वीतभर रुंद टेबलाचं, खेळण्याएवढं. कारखान्याच्या भंगारातला ड्रिलचा खांब, एका मोडक्या लेथची स्लाइड, ग्राइंडरची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार, सगळं माझ्या सहीच्या गेटपासवर बाहेर गेलेलं. गेटपासशिवाय एक वायसर नेईल तर तो शिंगणापूरचा नव्हे. दिवसभर कारखान्यात मिलिंग करायचं आणि सुट्टीच्या दिवशी घरी येऊन पुन्हा मिलिंग करायचं, ह्याला काय म्हणावं? मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, तिथं साहेब सांगतो ते करतो, इथं मला वाटंल ते. त्याला वाटायचं ते म्हणजे अडकित्ते. कॉलनीत कोणाचंही लग्न असो, मिस्त्रीकडून नवरीला एक अडकित्ता. पाती अशी एकावर एक बसायची की मिटला की मधून उजेड दिसत नसे. पुढे त्या सुना त्याने सुपारी कातरायच्या की नवऱ्याला दाखवायच्या, हा त्यांचा प्रश्न.

मिस्त्रीचा हात हलतो हे मला कळलं ते बाहत्तर सालात. पाऊस नव्हता, ऊस वाळून गेला होता, कारखाना अर्धा बंद. मिस्त्रीचा उजवा हात हाफपँटच्या खिशातून बाहेर येईना. तंबाखू डाव्या हाताने मळता येत नाही, तर ती गयावहिनी मळून द्यायला लागली. मला वाटलं, म्हातारपणी लाड चाललेत. मग एका संध्याकाळी त्याने माझ्यापुढे एक पट्टी टाकली आणि नख लावा म्हणाला. मी लावलं. माझं नख ते काय, टायपिंग करून झिजलेलं, पण मलासुद्धा कळलं. बारीक बारीक लाटा होत्या.

"ही माजी हाय," तो म्हणाला, आणि खिशातून हात काढून दाराच्या फळीवर ठेवला. हात आपला आपण थरथरत होता, फळीवर बोटं टपटप वाजत होती. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत बसलो. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला नाव ठेवू शकलो नाही. मी उगाच पाणी मागितलं.

चीफसाहेबांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी मिस्त्रीला केबिनमध्ये बोलावून नीट शब्दांत सांगितलं की मशीनवर धोका आहे, उद्या बोट जाईल, तुम्ही आता स्टोअरला बसा. म्हणजे माझ्याकडे. चिंध्या मोजायला. मिस्त्रीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहेब, मी फूटभर बिडाची, ओतीव लोखंडाची पट्टी काढून देतो, माझ्या घरच्या मशीनवर. तुमच्या नखाला कळलं तर स्टोअर, न्हाई कळलं तर माझी जागा मला. चीफ मनाने वाईट नव्हते, आणि पाभरीचा हिशोब चुकता करायची संधी कोण सोडेल? ते म्हणाले, ठीक, महिन्याने रविवारी मी येतो, माझ्यासमोर काढायची.

हा सगळा प्रसंग मिस्त्रीने मला सांगितला तेव्हा मी म्हटलं, अहो पण हात? तो म्हणाला, हात कशाला लावायचा? हँडल मोटार फिरवंल.

आता प्रश्न मोटारीचा. साधी मोटार भिरभिर फिरते. टेबल सरकवायला मुंगीच्या चालीची आणि तरीही बळकट मोटार हवी. मिस्त्री चार दिवस कॉलनीत डोळे फाडून हिंडत होता. पाचव्या दिवशी त्याला ती सापडली. चेअरमनसाहेबांच्या काळ्या गाडीत. वायपरची.

चांगदेव ड्रायव्हर हा चेअरमनांचा ड्रायव्हर, आणि त्याच्या मुलीच्या लग्नात अडकित्ता गेलेला. तो म्हणाला, ने की, दोन वर्षांत वायपर एकदाच लावला, तोसुद्धा एका सत्काराच्या वेळी काचेवर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या काढायला. पण मिस्त्रीचा जीव मानेना. न विचारता घेतलं म्हणजे चोरी. चेअरमनांना विचारायची चांगदेवची छाती नव्हती. शेवटी मिस्त्रीने स्वतःच तोडगा काढला. मोटार उसनी, पाऊस पडेपर्यंत. पाऊस आला की त्याच दिवशी गाडीत परत. हे त्याने चांगदेवला सांगितलं, मला सांगितलं आणि शनिवारी शिंगणापूरला जाऊन तेल घालून तिथेही सांगून आला. एवढ्या सगळ्यांना सांगितलं, ज्याची मोटार त्याला सोडून.

आणि मग मला कळलं की हा माणूस देवाजवळ आणखी काय बोलून आला होता. सगळा जिल्हा पाऊस दे म्हणून देवाच्या मागे लागलेला, आणि हा सांगून आला की महिनाभर थांब. मी चिडलो. मी म्हटलं, मिस्त्री, लाज नाही वाटत? तुमचा सख्खा भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडतोय. तो खाली मान घालून म्हणाला, "वाटती हो. म्हनून तर तेल दुप्पट घातलं."

मोटार बसवली तेव्हा आमची करमणूक झाली. बटण दाबलं आणि टेबल दोन बोटं पुढे गेलं, थांबलं, दोन बोटं मागे आलं. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. वायपरची मोटार ती, तिला काच पुसायची सवय. गयावहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, ह्यांच्यावानीच हाय, जायचं म्हनतंय आन पुन्हा माघारी येतंय. मिस्त्रीने मोटार उघडली, तिच्या पोटातली पुढे-मागे करणारी दातेरी पट्टी काढली आणि सरळ आतल्या चक्राला जोड दिला. काढलेली पट्टी फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगली. उसनी वस्तू, जशी घेतली तशी द्यायची. त्या घरात बाकी काहीच जागेवर नसे, ते फडकं मात्र कोणी हलवत नव्हतं.

मोटारीकडून हँडलच्या दांड्यापर्यंत फिरकी न्यायला सायकलची चेन लागली. चेन माझ्या सायकलची. मला विचारलं होतं का? विचारलं होतं. मी नाही म्हटलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी स्टोअरला चालत गेलो, कारण मिस्त्री चार वेळा काहीच न बोलता माझ्या सायकलीकडे बघत बसला होता आणि मला ते सहन होईना. बॅटरी मात्र सहज मिळाली. ऊसच नव्हता तर उसाचे ट्रक ओळीने उभेच होते, आणि एका ट्रकमालकाने आपल्या हाताने काढून दिली.

आता टेबल एकसारखं, सावकाश चालायला लागलं. इतकं सावकाश की बघणाऱ्याला झोप यावी. आम्ही खुशीत चहा पीत होतो आणि टेबल चालत चालत शेवटाला गेलं, तिथेही थांबेना, चेन ताणली, तुटली आणि माझ्या कानाजवळून गेली. थांबायची सोयच मिस्त्रीने केली नव्हती! मी ओरडलो, की ज्याच्या घराला कडी नाही त्याच्या मशीनला कुठून असणार. गयावहिनी म्हणाली, अवो मग कडी लावा की, दाराला तर हाय. मिस्त्रीने दाराकडे बघितलं. टेबल म्हणून आडव्या टाकलेल्या त्या दाराला कॉलनीची लोखंडी कडी अजून लोंबत होती. त्याने चेन सांधली, ती कडी उपसली आणि मशीनच्या टेबलाच्या वाटेवर अशी ठोकली की टेबल शेवटाला आलं की कडीला धक्का बसावा, कडी खाली पडावी आणि पडताना बॅटरीची तार ओढून काढावी. खट् आवाज आणि मोटार बंद. कारखान्याने दिलेली कडी त्या घरात पहिल्यांदा कामाला आली.

ठरलेल्या रविवारी सकाळी चीफसाहेब आले. पडवीत त्यांना लोखंडी खुर्ची. मिस्त्री उजवा हात खिशात घालून उभा. डाव्या हाताने त्याने बिडाची पट्टी आवळली, कटर सुरू केलं, तार जोडली. टेबल निघालं. बारा-पंधरा मिनिटांचं काम. पट्टीच्या या टोकाला बारीक भुसा पडायला लागला आणि कटरचा आवाज एकसारखा यायला लागला. चीफ घड्याळाकडे बघत होते, मी कडीकडे बघत होतो, मिस्त्री कशाकडेच बघत नव्हता, तो ऐकत होता.

पट्टी निम्मी झाली असेल तेवढ्यात दारात गाडी थांबली. दारात म्हणजे जिथे दार असायला हवं होतं तिथे. चेअरमनसाहेब उतरले. धोतर, सदरा, जाकीट, सगळ्यावर चिखल. मागून चांगदेव मान खाली घालून.

झालं होतं असं, की कोल्हारच्या रस्त्याला गाडीच्या पुढे पाण्याचा टँकर चालला होता. खड्ड्यात आपटून टँकरच्या मागच्या नळाचं तोंड सुटलं आणि धुळीच्या रस्त्यावरून उसळलेलं ते पाणी थेट गाडीच्या काचेवर. काच मातीने लिंपून निघाली. चेअरमन म्हणाले, वायपर लाव. चांगदेवने बटण ओढलं, पुन्हा ओढलं, आणि दिसत नाही म्हणून खिडकीतून डोकं बाहेर काढेपर्यंत गाडी हळूच रस्त्याकडेच्या चारीत उतरली. गाडी बाहेर ओढायला स्वतः चेअरमन उतरले, म्हणून चिखल. दोन वर्षांत त्या रस्त्यावर पाणी पडलं ते नेमकं ह्यांच्या काचेवर. मग चांगदेवने सगळं ओकून टाकलं.

चेअरमनसाहेबांचा आवाज मोठा. सभेला त्यांना कर्णा लागत नसे. त्यांनी पडवीत पाऊल टाकलं, मोटार ओळखली आणि सुरुवात केली की आधी ते बंद कर. शिंगणापूरचा म्हणवतोस आणि, असं पुढे काहीतरी. ते ऐकून मिस्त्रीचा चेहरा राखेसारखा झाला. आयुष्यात त्याला कोणी चोर म्हटलं नव्हतं. मला वाटलं आता हा तार ओढणार.

त्याने खिशातून उजवा हात काढला आणि चेअरमनांच्या समोर उभा धरला, पंजा उघडा. तो हात सगळ्यांदेखत थडथड हलत होता.

"साहेब, थांबा," तो म्हणाला. "मधी बंद केली तर रेघ उठंल. मग काय म्हनायचं ते म्हना."

आमच्या तालुक्यात त्यांना थांबा म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. चीफसाहेब खुर्चीतून अर्धे उठून तसेच राहिले. चेअरमन त्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी टेबलाकडे बघितलं. शेवटी शेतकरीच माणूस तो. औत तासाच्या, चालू ओळीच्या मध्यात सोडत नाहीत हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. ते गप्प उभे राहिले. अंगावरचा चिखल वाळत होता. मागे बायकापोरं जमली, दारच नाही म्हटल्यावर त्यांना कोण अडवणार, ती थेट पडवीत. आणि ते टेबल! मेलं आपल्याच चालीने चाललेलं. चेअरमन थांबलेत म्हणून त्याने जरासुद्धा घाई केली नाही. मी मनात शनीला म्हणत होतो, बाबा, आता पाऊस पाड, वीज पाड, काहीही पाड, पण ती कडी वेळेवर पाड.

खट्. कडी पडली. मोटार थांबली.

मिस्त्रीने पट्टी सोडवली, पुसली आणि चीफसाहेबांपुढे धरली. चीफनी नख लावलं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. चष्मा काढून पुन्हा लावलं. मग पट्टी चेअरमनांकडे दिली. चेअरमनांनी आपला जाडजूड अंगठा फिरवला आणि विचारलं, "हात कधीपासून हलतोय?"

"दोन वरसं झाली."

"आणि ही पट्टी?"

"ती न्हाई हलत, साहेब."

चेअरमनांना हसू आलं ते त्यांनी मिशीत दाबलं. मोटारीचं कसं, विचारल्यावर मिस्त्रीने देव्हाऱ्याजवळचं फडकं आणून आतली पट्टी दाखवली आणि कराराची अट सांगितली, पाऊस पडेपर्यंत उसनी. चेअरमन म्हणाले, मग पाऊस पडेपर्यंत ठेव. जाता जाता चांगदेवला एवढंच म्हणाले की टँकरच्या मागे गाडी लावत जाऊ नकोस.

चीफनी शब्द पाळला. मिस्त्रीचं मशीन दारासकट, कडीसकट वर्कशॉपच्या कोपऱ्यात आलं आणि बारीक कामं सगळी त्यावर व्हायला लागली. ते आठ-दहा महिने मिस्त्रीच्या जिभेला पुन्हा धार आली. हात खिशातून बाहेर आला. डिप्लोमावाल्यांना पुन्हा ज्वारी पेरावी लागली.

पुढल्या वर्षी पाऊस आला. त्याचं वर्णन मी करत नाही. ज्याला त्याला आपापला आठवत असेल. वर्कशॉपातले सगळे बाहेर धावले. मिस्त्री आत बसून मोटार सोडवत होता. मी म्हटलं, अहो, आजच्या आज कोण मागतंय? त्याने फडक्यातली पट्टी मोटारीत परत बसवली. स्क्रू धरता येईना. मी धरायला गेलो तर हात झटकला. तासभर लागला त्याला. मग पोतं डोक्यावर घेऊन तो मोटार चेअरमनांच्या गाडीत बसवून आला आणि चांगदेवला वायपर चालवून दाखवायला लावला.

मी नवीन मोटारीची मागणी लिहिली. मिलिंग मशीनसाठी वायपर मोटार, नग एक. खरेदी खात्याने ती परत पाठवली, खाली शेरा मारून की मिलिंग मशीनला काच असल्याचे आढळत नाही. मी तीन वेळा लिहिली, तिन्ही वेळा परत. चीफची मधेच बदली झाली होती. नवे चीफ म्हणाले, स्टोअरला बसवा त्याला. मी त्याच्यासाठी स्टूल पुसून ठेवलं होतं. मिस्त्री आला, माझ्या सतरा कुलपांकडे बघितलं आणि म्हणाला, इथं माझा जीव घाबरंल. नोकरीची दोन वर्षं शिल्लक असताना त्याने राजीनामा दिला. जाण्याआधी दार क्वार्टरला परत लावलं, कडीसुद्धा जिथली तिथे. आता तिथे राहतात ते सांगतात, अख्ख्या कॉलनीत ते एकच दार आवाज न करता मिटतं. मला त्या दारावरून जाताना फार दिवस वाईट वाटायचं.

वर्षभराने बायकोने माझ्या पत्रिकेत साडेसाती शोधून काढली. मी नगरच्या भंगारबाजारातून एक वायपर मोटार घेऊन ठेवलीच होती. ती पिशवीत टाकली, सायकल एस.टी.च्या टपावर टाकली, घोडेगावला उतरलो आणि शिंगणापूरला गेलो. देव नंतर, आधी मिस्त्री.

घराला दार नव्हतंच. मशीन एका दगडी शिळेवर, टेबलाला पुन्हा हँडल. मिस्त्री आणखी वाळला होता आणि आता दोन्ही हात हलत होते. गयावहिनीने चहा आणला, त्याला पेल्यात अर्धाच. इकडच्या तिकडच्यांना नावं ठेवून झाल्यावर त्याने एक अडकित्त्याचं पातं काढून माझ्यापुढे धरलं.

"नख लावा, भाऊसाहेब. माजं नख आता खोटं बोलतंय. बोटच हालतंय तर काचंवर पन त्याला लाटा लागत्यात."

मी नख लावलं. लाटा होत्या. जुन्या पट्टीपेक्षा जास्त होत्या. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, डोळे न मिटता. मी म्हटलं, मिस्त्री, काही लागत नाही. बेष्ट आहे.

त्याचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. आणि त्या भरात मी पिशवीत हात घालून मोटार काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. ठेवल्यावर मला माझी अक्कल कळली.

मिस्त्रीने मोटारीकडे बघितलं, पात्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय लागत न्हाई म्हनता, आन मोटार घेऊन आलाय."

गयावहिनी पदराआड हसत होती की डोळे पुसत होती, मला बघवलं नाही. मिस्त्री मात्र हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. म्हणाला, घाबरू नगा, आमच्या गावात चोरीला शिक्षा हाय, खोट्याला न्हाई. मग विचारलं, ही आणली कशी? मी म्हटलं, घेतलीय, माझी आहे, गेटपास लागत नाही. तेव्हा कुठे त्याने मोटारीला हात लावला. ती मांडीवर घेऊन उलटीपालटी केली, आतली पट्टी काढावी लागंल म्हणाला, आणि नंतर बोलणं बंद करून माझ्या खांद्यावरून बाहेर बघायला लागला. मी वळून बघितलं. बाहेर भिंतीला माझी सायकल होती.

मी नाही म्हटलं. ह्या वेळी स्पष्ट नाही म्हटलं. घोडेगाव केवढं लांब, वर ऊन. तो सायकलीकडे बघत राहिला.

निघालो तेव्हा तो उंबऱ्यात उभा होता, काखेत माझी चेन. उजवा हात वर करून निरोप देत होता. चांगला उंच, साऱ्या गल्लीला दिसेल असा, आणि तो हलत होता तसा त्याने हलू दिला. कोपऱ्यावरून मी एकदा मागे बघितलं, हात अजून वरच होता. मग मी सायकल ढकलत घोडेगावची वाट धरली. देवाला जायचं राहिलंच.